मडगार्डवरची जागा

ही गोष्ट मी कुणाला सांगायची नाही, असं तात्याबांनी मला बजावलेलं आहे. खरं तर त्यांनी ती मला सांगितलीच नव्हती. आमच्या वस्तीवर उसाला रात्रीची वीज असते. ती यायची वाट बघत माझा भाऊ आणि दोघं चुलतभाऊ पाण्याच्या मोटारीच्या शेडपाशी बसतात आणि तात्याबा त्यांच्यात येऊन बसतात. मी चहाची किटली घेऊन गेले होते. कप परत न्यायचे म्हणून थांबले, ती शेवटपर्यंत थांबले. उठताना तात्याबांचं माझ्याकडं लक्ष गेलं.

"तू हितंच व्हतीस व्हय," ते म्हणाले. "मग ऐकलंस ते पोटात ठेवायचं. माणूस अजून जिता हाय."

तात्याबांनी सगळं आयुष्य उसाच्या ट्रॅक्टरवर काढलं. जो माणूस अजून जिता आहे, त्याचं नाव रवींद्र. तात्याबांच्या ट्रॅक्टरची कामं तोच करतो आणि हे सगळं त्यानं स्वतः त्यांना सांगितलं.

रवींद्र मूळचा कळसचा, पण त्याचं गॅरेज बारामतीत, इंदापूर रस्त्याला. त्याच्याकडं यायच्या त्या लोकांनी हौसेनं बदलून घेतलेल्या गाड्या. कुणी इंजिन बदलायचं, कुणी चाकं, कुणी नुसताच आवाज. हाताखाली दीपक होता. दीपकही कळसचाच, रवींद्रच्या घरामागच्या गल्लीतला. त्याला वडील नव्हते. त्याची आई कुशाबाई त्याला गॅरेजवर घेऊन आली तेव्हा एवढंच म्हणाली होती, "पोरगं तुझ्या हातात दिलंय, रवी."

एक दिवस भवानीनगरच्या सौरभची जीप त्यांच्याकडं आली. सौरभ म्हणजे ज्यांचा ऊस नजरेत मावत नाही अशा घरातला एकुलता एक. वयानं रवींद्रपेक्षा लहान, पण हाक मारायचा ती 'रव्या' म्हणून. जीप जुनीच होती. तिच्यात भंगारातून आणलेलं मोठं इंजिन आणि त्याच्याच जोडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचा होता, आणि खाली कमरेएवढी चाकं. चिखलातल्या शर्यतीत ती उतरवायची होती.

अशा गाडीला क्लच नसतो. गिअर आपोआप बदलतो, पण कुठल्या वेगाला बदलायचा ते आधी बसवून द्यावं लागतं. ॲक्सिलेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक तार जाते. तार ताणली की गिअर उशिरा बदलतो, सैल सोडली की लवकर. चाकं मोठी केली की जुनं सगळं चुकतं. मग तारेचा नट अर्धा आटा फिरवायचा, गाडी पळवून बघायची, थांबायचं, बॉनेट उघडायचं, पुन्हा अर्धा आटा. किचकट काम. त्यात अख्खी रात्र जाते.

सौरभला तेवढा दम नव्हता. त्यानंच तोड काढली. बॉनेट काढून ठेवायचं, दीपकनं पान्हा घेऊन पुढच्या डाव्या मडगार्डवर बसायचं आणि जीप पळता पळता नट फिरवायचा. जुन्या जीपचं मडगार्ड सपाट आणि रुंद असतं, पाट मांडल्यासारखं.

"पळत्या गाडीत?" माझ्या भावानं विचारलं. "येडी का खुळी माणसं ही?"

"तू काल कारखान्यावरनं कसा आलास?" तात्याबा म्हणाले. "मडगार्डवर बसून मोबाईल बघत आलास. मी बघितलं न्हाय व्हय?"

तात्याबांचं खरंच होतं. आपल्याकडं बाप ट्रॅक्टर चालवतो आणि पोरं दोन्ही मडगार्डवर बसून शाळेला जातात, बाजाराला जातात, वरातीला जातात. त्यामुळं रवींद्रलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दीपक तर खुशीत चढून बसला.

रस्ता ठरला तो कालव्याच्या कडेचा. सरळ, मोकळा, रात्री कुणी नसतं. जाताना डाव्या हाताला कालवा, आणि मध्ये एकच वळण. सौरभ चालवत होता. रवींद्र शेजारी बसून वेग वाचत होता, त्याच्या पायाशी गाडी ओढायच्या दोराचं वेटोळं. दीपकचा शर्ट वाऱ्यानं फुगला होता. नट फिरवला की तो मागं वळून हसायचा.

वळणाच्या जरा आधी सौरभनं रवींद्रला डोळा मारला.

"बघ आता कसा टरकतो."

आणि त्यानं ॲक्सिलेटर तळाला टेकवला. असा एकदम टेकवला की गिअरबॉक्स एक गिअर खाली उतरतो आणि गाडी पुढं झेप घेते. जीपनं झेप घेतली. वळण संपलं तेव्हा मडगार्डवर कुणी नव्हतं.

दीपकला पोहता येत होतं. जीप थांबली तसा कालव्यातून त्याचा आवाज आला, "दादा, दोर टाका." रवींद्र दोर उचलून उतरायला लागला, तर सौरभनं त्याचा दंड धरला. तो हसत होता.

"थांब की. पोहणारा हाय त्यो. जरा गार हू दे."

रवींद्र थांबला.

किती वेळ थांबला, ते त्याला कधीच सांगता आलं नाही. सौरभच्या घरचं काम होतं, पुढचीही कामं यायची होती, आणि सौरभ हसत होता, म्हणून तो थांबला. कालव्याचे काठ सिमेंटचे, शेवाळलेले. धरायला काही नाही. दुसरी हाक आली ती लांबून आली. तिसरी आलीच नाही.

पोलिसांना दोघांनी सांगितलं, पोरगा काठावर हात धुवायला उतरला आणि पाय घसरला. कुशाबाईला रवींद्रनं तेच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पण पुढं दर बाजाराच्या दिवशी ती कळसहून यायची, पिशवी गॅरेजच्या दाराशी ठेवायची आणि विचारायची.

"रवी, माझा दीपक उजनीच्या पाण्यात पवायचा. कालव्यात कसा बुडला रं?"

"पाय घसरला, मावशी."

"व्हय. पाय घसरला. पर पाय घसरल्यावर माणूस पवतो की."

मग ती पिशवी उचलून एसटीला जायची. शिवी नाही, शाप नाही, डोळ्यांत पाणी नाही. रवींद्रला ते सोसेना.

जीप बरेच महिने सौरभच्या घरी ताडपत्रीखाली पडून होती. मागच्या फेब्रुवारीत शर्यत जवळ आली तशी ती बाहेर निघाली, आणि सौरभचा फोन आला.

"गाडी बिघडलीय. सगळीकडं बराबर गिअर टाकती. फकस्त त्या वळणावर एक गिअर खाली मारती. मी पाय बी लावत न्हाय तरी."

रवींद्रनं हातातला पान्हा खाली ठेवला.

"ऐकतोस का?"

"दुसऱ्याकडं न्या, दादा."

"दुसऱ्याला वळण कुठलं ते सांगू? आन् तितं काय झालं ते बी सांगू? ये गुमान."

रवींद्र गेला. पण वाटेत त्यानं मनाशी काहीतरी पक्कं केलं आणि सौरभच्या अंगणात पाय ठेवताच बोलून टाकलं.

"ही गाडी लावून देतो. उद्या कळसला जाणार हाय मी. कुशाबाईला हाय ते सांगणार."

सौरभ हसला. "काय सांगणार? दोर कुणाच्या हातात व्हता ते बी सांगणार?"

"ते बी."

"म्हातारी चपलेनं मारंल तुला."

"मारू दे."

एवढं बोलल्यावर छातीवरचा दगड उतरला, असं रवींद्र तात्याबांना म्हणाला. उद्या. आता फक्त ही एक रात्र काढायची होती.

ती रात्र म्हणजे फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारची. शुक्रवारीच कालव्याला पाणी सुटलं होतं. साडेदहाचा सुमार होता. कारखाना चालू होता, मळीचा वास सगळ्या शिवारावर पसरला होता. मोठ्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, गाणी लावून.

निघण्याआधी रवींद्रनं अंगणातच तार तपासली. नट घट्ट, तार कोरी, कुठं अडकत नव्हती. त्याला दोष सापडला नाही. एकच गोष्ट खटकली. जीप गोठ्याच्या भिंतीकडं तोंड करून उभी होती आणि दोन्ही दिव्यांचे झोत भिंतीवर सारख्या उंचीला पडायला हवे होते. डावा झोत खाली होता. मडगार्डवर माणूस बसला की जीप त्या बाजूला जराशी दबते आणि झोत तेवढाच खाली येतो. दीपक बसायचा तेव्हा अगदी एवढाच यायचा.

मडगार्डवर कुणी नव्हतं.

"स्प्रिंगचा पाटा बसला असंल," सौरभ म्हणाला.

रवींद्रनं मडगार्डवर हात ठेवला. पत्रा ओला होता. त्यानं पुन्हा भिंतीकडं बघितलं, तेव्हा दोन्ही झोत सारखे होते.

जीप कालव्याच्या रस्त्याला लागली आणि ट्रॉल्यांची गाणी मागं राहिली. सौरभ चालवत होता. विसाला दुसरा गिअर पडला, पस्तिसाला तिसरा. लोण्यातून सुरी जावी तसा. वळण आलं. सौरभनं दाखवायला म्हणून पाय पेडलवरून वर उचलला. तरी आतून धाडकन आवाज आला, इंजिन किंचाळलं आणि जीपनं झेप घेतली.

"बघितलंस?"

रवींद्रनं बघितलं होतं. जीप मागं नेऊन पुन्हा बघितलं. तेच.

"तार वळणावर कुठंतरी ओढली जाती," सौरभ म्हणाला. "चालत्या गाडीत नजर ठिवाय पायजे. बॉनेट काढ आन् बस वर."

"मी न्हाय बसणार."

"का रं? भूत बसलंय का तितं?"

"थांबून थांबून लावू की. रात गेली तर जाऊ दे."

"मला रात घालवायची न्हाय. बस म्हणतो ना."

"दादा, मी न्हाय बसणार."

सौरभ त्याच्याकडं बघत राहिला. मग हसला. तेच हसणं.

"दीपक्यात तुझ्यापेक्षा दम व्हता. सरक. तू चालव, मी बसतो."

"नका बसू."

"तुझं काय जातंय? ट्रॅक्टरच्या मडगार्डवर झोपा काढून मोठा झालोय मी."

त्यानं स्वतःच बॉनेट उचलून रस्त्याच्या कडेला ठेवलं आणि पान्हा घेतला. रवींद्र चालकाच्या जागेवर बसला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. हे तो तात्याबांना पुन्हा पुन्हा सांगत होता. मनात एकच होतं, उद्या कळसला जायचं. सौरभ चढायच्या आधी त्यानं मुद्दाम समोर बघितलं. दोन्ही झोत सरळ होते.

सौरभ डाव्या मडगार्डवर चढून बसला. डावा झोत खाली आला. एका माणसाएवढा.

मग तो आणखी खाली आला.

"दादा, उतरा."

"चल रं."

"दादा, तुमच्या शेजारी..."

"चल म्हणतो ना, भित्र्या."

जीप निघाली. वीस. दुसरा गिअर. सौरभ तारेवर वाकला होता. पस्तीस. तिसरा. डावीकडं पाणी, काळं, काठोकाठ. रवींद्रनं पाय इतका हलका ठेवला होता, की खाली अंडं असतं तरी फुटलं नसतं.

वळण दिसायला लागलं.

डावा झोत वर आला. एका माणसाएवढा.

सौरभ बसलेलाच होता.

म्हणजे दुसरं कुणीतरी उतरलं होतं.

इथं तात्याबा थांबले. त्यांनी बिडी पेटवली नाही, नुसती हातात धरून बसले. उसात काहीतरी खसफसलं, तरी कुणी मान वळवली नाही.

रवींद्रनं शेजारच्या जागेकडं बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवलं. समोर बघत राहिला.

मग त्याचा उजवा पाय गार पडला.

आधी बोटं. मग सगळं पाऊल. बुटातून, मोज्यातून. कुणीतरी त्याच्या पायावर आपला पाय ठेवला होता. अनवाणी. ओला.

ठेवला... आणि दाबायला लागला.

"दादा, उडी मारा..."

तो ओरडला. की ओरडला असं त्याला वाटलं. सौरभनं मागं वळून बघितलं, हसतच. मग हसू गेलं. तो रवींद्रकडं बघत नव्हता. शेजारी बघत होता.

धाडकन गिअर उतरला.

मडगार्ड रिकामं झालं.

रवींद्रनं डाव्या पायानं ब्रेक दाबला. इंजिन पुढं ओढत होतं, चाकं अडून बसली होती. रबर जळल्याचा वास आला. जीप आडवी होऊन थांबली. त्यानं किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं.

कालव्यातून हाक आली.

"रव्या... दोर टाक..."

दोर मागंच होता. रवींद्रनं हात लांबवला. दोर हातात आला. तो उतरायला गेला.

उजवा पाय निघाला नाही.

ओढला. दोन्ही हातांनी गुडघा धरून ओढला. पाय तिथंच. पेडलवर. तळाला. पायावर काही दिसत नव्हतं. वजन होतं.

"रव्या..."

"आलो," रवींद्र म्हणाला. "आलो, दादा."

त्यानं बुटाची नाडी सोडली. बूट निघेना. बसल्या जागेवरून दोर फेकला. तो रस्त्यावरच पडला.

"रवीदादा..."

सौरभनं त्याला कधी दादा म्हटलं नव्हतं.

"रवीदादा, दोर... पाया पडतो..."

मग शेजारच्या जागेवरून कुणीतरी बोललं. हळू आवाजात. दीपक मोठ्यानं कधी बोलायचाच नाही.

"थांब की."

एवढंच.

रवींद्रनं मान वळवली नाही. तो रडत होता. हाका ऐकत होता. त्या लांब जात होत्या. एक... मग बऱ्याच वेळानं आणखी एक...

मग पाणीच.

मग पाय हलका झाला.

तात्याबांनी बिडी खाली टाकली. पुढचं त्यांनी घाईघाईत सांगितलं, नको असलेलं काम उरकावं तसं.

सौरभ सकाळी सापडला, कालव्यातून फुटणाऱ्या खालच्या चारीच्या दाराशी, गजांना अडकलेला. त्याची आई राजलक्ष्मीकाकू तिथंच मातीत बसली होती. तिनं रवींद्रचा शर्ट धरला आणि विचारलं, "काय झालं रं माझ्या लेकराला?" रवींद्रनं तोंड उघडलं. ॲक्सिलेटर माझ्या पायाखाली होता पण दाबला मी नाही, असं कुठल्या तोंडानं सांगणार होता?

"काकी, पाय घसरला," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी तो कळसला गेला. शब्द दिला होता म्हणून गेला. कुशाबाई घरात लसूण सोलत बसली होती. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्या बाजूला दीपकचा फोटो. रवींद्र उंबऱ्यातच बसला. त्यानं सगळं सांगितलं. डोळा मारला ते, दंड धरला ते, दोर हातात असून आपण थांबलो ते. मग आदल्या रात्रीचंही सांगितलं. ती सोलतच होती.

सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "आन् त्या पोराच्या आयला काय सांगितलंस?"

रवींद्रनं मान खाली घातली.

"काय सांगितलंस, रवी?"

"पाय घसरला."

कुशाबाईचे हात थांबले.

"म्हंजी आता ती बी तुझ्या दारात येणार," ती म्हणाली.

तिनं त्याला चपलेनं मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं रवींद्र म्हणतो. तिनं लसणाची टोपली उचलली, आत गेली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर ती बाजाराला आली तरी गॅरेजवर आली नाही. आता दुसरी येते. मोठ्या गाडीतून येते, शेडसमोर थांबते, काच खाली करते. उतरत नाही. "रवी, खरं काय ते सांग," म्हणते. तो तेच सांगतो. काच वर जाते.

"संपलं," तात्याबा म्हणाले.

मग माझा भाऊ म्हणाला, "तात्याबा, पाय त्याचाच असंल की. राग व्हताच मनात. भूत कशाला पायजे त्याला?"

"आसंल," तात्याबा म्हणाले. "मी कुठं न्हाय म्हणतो."

तेवढ्यात वीज आली, मोटार सुरू झाली आणि सगळे फावडी घेऊन उठले. तेव्हाच तात्याबांनी मला बघितलं.

मलाही भावाचंच पटलं होतं. मी ही गोष्ट कुणाला सांगितलीही नसती. पण गेल्या आठवड्यात आमच्या ट्रॅक्टरच्या कामाला रवींद्र स्वतः आला. बारीक माणूस, मान खाली घालून बोलणारा. काम झाल्यावर हातपाय धुऊन तो ओट्यावर बसला आणि आईनं मला पाणी द्यायला पाठवलं. मी तांब्या घेऊन वाकले, तेव्हा त्याचा उजवा पाय माझ्या अगदी समोर होता.

दिवसभर धुणं धुतल्यावर हाताची कातडी पांढरी पडते आणि सुरकुतते, तशी त्याच्या पावलावरची कातडी झाली होती. सगळ्या पावलावर नाही. त्याच्या पाच बोटांच्या मागं, पावलाच्या वरच्या बाजूला, दुसरी पाच बोटं उमटली होती. त्याच्या बोटांपेक्षा लहान. अंगठा सुद्धा ओळखू येत होता. घोट्याकडं टाच, बाजूला तळव्याची कड. आणि तेवढंच ओलं होतं. बाकीचा पाय उन्हात केव्हाच वाळला होता.

मी बघते आहे हे त्याला कळलं. त्यानं डावा पाय उचलून उजव्यावर ठेवला, झाकायला. पण लगेच दचकून काढून घेतला.

मी कुणाशी फारशी बोलत नाही. तरी माझ्या तोंडून निघालंच, "दुखतं का?"

"न्हाय, ताई," तो म्हणाला. "दुखत न्हाय. निस्तं कालव्याला पाणी सुटलं की रातीला ते दाबाय लागतं."

हे लिहितेय तोवर आई हाक मारते आहे. चारीला पाणी आलंय, बॅटरी धरायला चल म्हणते, आणि तिला कसं सांगू की मला तिकडं पाण्याकडं जायचं नाही.